सावडीची गोळी

आमचे चित्रकलेचे सर शर्टाच्या खिशात टोमॅटो घेऊन शाळेत यायचे. इतर मास्तरांच्या खिशात पेन असतं, यांच्या खिशात टोमॅटो. नारायणगावचा बाजार जवळ, त्यामुळे आमच्या भागात टोमॅटोचं कुणाला अप्रूप नाही. ढिगानं येतो, ढिगानं जातो, भाव पडला की रस्त्यावर ओततात. पण हे गृहस्थ त्या ढिगापुढे उकिडवे बसून एकच टोमॅटो निवडायचे आणि तो निवडायला त्यांना नवरी पसंत करण्याइतका वेळ लागायचा. चवीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. लाल हवा, सगळीकडून सारखा लाल. देठापाशी जरा हिरवट दिसला की परत ढिगात.

परिपाठाच्या आधी ते फाटकाजवळ उजेडात उभे राहायचे, टोमॅटो हातभर लांब धरायचे आणि डावा डोळा तळहातानं झाकून त्याच्याकडे बघायचे. मग उजवा झाकून. असं आळीपाळीनं काही वेळा झालं की टोमॅटो खिशात आणि सर वर्गात. नव्या क्लार्कनं हा प्रकार पाहिला आणि सर काही करणीबिरणी करतात का, असं हेडमास्तरांना जाऊन विचारलं. पोरं मधल्या सुट्टीत त्यांची नक्कल करायची. एकदा नक्कल करणारा एक जण सरांच्या तावडीत सापडला. सर रागावले नाहीत. उलट त्याला नीट शिकवलं, की तळहात डोळ्यावर दाबायचा नाही, नुसता झाकायचा. दाबला की धुरकट दिसतं आणि माणूस उगाच घाबरतो.

त्यामागचं कारण मला पुष्कळ उशिरा कळलं. माझी बदली या शाळेत होण्यापूर्वीची गोष्ट. गॅदरिंगची कमान रंगवताना सरांना लाल रंग विटका वाटला, पावसात राहिलेल्या विटेसारखा. त्यांनी बाटली उचलली, मंचरला जाऊन दुकानदाराशी भांडले, भेसळीचा माल विकता म्हणाले. दुकानदारानं दुसरी बाटली दिली. तीही विटकी. तिसरीही तशीच. मग दुकानदार बिचारा म्हणाला, सर, रंगाचं जाऊ द्या, डोळे दाखवा. डोळ्यांच्या डॉक्टरनं पुण्याला पाठवलं आणि पुण्यात त्या आजाराचं नाव कळलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. शाळेत कुणाला ते नाव धड घेता यायचं नाही, म्हणून सगळे ‘सरांचं ते डोळ्याचं’ एवढंच म्हणायचे.

ते नुसतं डोळ्याचं नव्हतं. विहिरीवरच्या मोटारीच्या वायरचं वेष्टण उंदरांनी कुरतडावं तसं आपल्याच शरीरातल्या रक्षण करणाऱ्या पेशी मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांचं वेष्टण कुरतडतात. कधी डोळा जातो, कधी हात, कधी पाय. काही आठवड्यांनी बरंचसं परत येतं. मग महिनोन् महिने काहीच नाही. आणि मग एखाद्या सकाळी पुन्हा. सर त्या झटक्याला ‘पावणं’ म्हणायचे. “पावणं सांगून येत न्हाईत,” ते म्हणायचे, “आन् जाताना घरातली एखादी वस्तू घिऊन जात्यात.” त्यांच्या उजव्या डोळ्यातला लाल रंग असाच थोडा गेला होता. उरलेला जागेवर आहे की नाही ते बघायला टोमॅटो.

बाकीही तऱ्हा होत्या. ऊन किंवा गरम पाणी अंगाला लागलं की त्यांना अंधुक दिसायचं, म्हणून ऐन थंडीत थंड पाण्याची आंघोळ आणि स्टाफरूममध्ये पंखा. आम्ही स्वेटर घालून कुडकुडतोय आणि हे पंख्याखाली शर्टाचं वरचं बटण सोडून बसलेत, अशी आमची जानेवारी जायची. पंखा कुणी बंद केला तर काही न बोलता उठून पुन्हा चालू करायचे. चित्रकलेच्या तासाला खोडरबर आणायला बंदी होती. चुकलं तर चुकलेलं दिसू दे, त्याच्याच शेजारी दुसरी रेघ मार, असा त्यांचा हुकूम. त्यामुळे आमच्या शाळेच्या पोरांनी काढलेल्या प्रत्येक बैलाला पाच-सहा पाठी असायच्या. आणि सर बोलायचे अस्सल त्यांच्या लोणी गावचं, हेडमास्तर असोत नाहीतर तपासणीला आलेले साहेब असोत. लोणीला त्यांची शेती होती, त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, तिथेच असायच्या. सर शाळेजवळ एका खोलीत राहायचे आणि शनिवारी गावी जायचे.

माझी आणि त्यांची गाठ पडली ती चहामुळे. मी विज्ञान शिकवते. एका दुपारी स्टाफरूममध्ये मी शिपाईमामांवर चिडले, की चहा गार का आणला. ते म्हणाले, बाई, आत्ताच उकळून आणलाय. मी पुन्हा कप धरला, गारच. सर पंख्याखालून उठून माझ्यासमोर आले आणि म्हणाले, “बाई, आता दुसऱ्या हातात धरा.” मी धरला आणि चटका बसून कप सोडला. साडीवर चहा सांडला, सगळे हसले. सर हसले नाहीत. ते वाकून माझ्या पहिल्या हाताची बोटं बघत राहिले. संध्याकाळी ते मला फाटकाशी गाठून हळूच म्हणाले, की पुण्याला जाऊन एमआरआय काढा, उशीर करू नका. मला त्या वेळी त्यांचा संतापच आला होता. माणसानं स्वतःचं दुखणं दुसऱ्याच्या गळ्यात का बांधावं, असं मी घरी नवऱ्याला म्हणाले.

त्यांचं खरं निघालं. पुण्याच्या डॉक्टरबाईंनी मेंदूचे फोटो दाखवून पांढऱ्या ठिपक्यांवर पेन ठेवलं तेव्हा मला ऐकू येणंच बंद झालं. घरी महाळुंगे पडवळला येईपर्यंत मी बसच्या खिडकीतून उसाची रानं बघत राहिले. आमच्याकडे उसात बिबट्या आहे हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लोक मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून उसात जातातच. भीतीला तेवढा आवाज पुरतो. मला कसला आवाज करावा तेच कळत नव्हतं. रोज उठल्यावर आधी बोटं हलवायची, मग पाय, मग डोळे उघडायचे. उघडायच्या आधी क्षणभर थांबायची सवय लागली. त्या थांबण्यात माझी सगळी सकाळ जायची.

पुण्याला सर आणि मी बरोबर जायला लागलो. एकाच शाळेत असे दोघे कसे, याचं डॉक्टरबाईंनाही नवल वाटायचं. प्रवासात आमची सावड असायची. सावड म्हणजे, तुमच्या रानात कांदा लावायचा असेल तर आज मी माझ्या घरच्यांना घेऊन येणार, माझ्याकडे लागण निघाली की तुम्ही येणार. मजुरीचा प्रश्न नाही, फक्त फेड चुकवायची नाही. सर लहानपणापासून सावडीत वाढलेले. ते म्हणायचे, बसच्या पाट्या तुम्ही वाचा, पिशवी मी धरतो. आज तुमचे डोळे, माझा हात. पुढच्या खेपेला माझा हात बरा असेल तर उलट. हिशोब ते चोख ठेवायचे. माझ्याकडून एक पाटी जास्त वाचून झाली तर त्यांना चैन पडायचं नाही.

आम्ही दोघंही इंजेक्शनवर होतो. दंडावर, मांडीवर, पोटावर लाल गाठी यायच्या आणि दर वेळी ताप यायचा. मग डॉक्टरबाईंनी एका नव्या औषधाच्या चाचणीबद्दल सांगितलं. तोंडानं घ्यायची गोळी. झटके कमी होतात का, ते पाहायचं होतं. काहींच्या बाटलीत औषध असणार, काहींच्या बाटलीत तशीच दिसणारी रिकामी गोळी. कुणाच्या वाट्याला काय ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरणार आणि शेवटपर्यंत आम्हालाही कळणार नाही, डॉक्टरबाईंनाही नाही. एक गोष्ट त्यांनी दोनदा बजावली. खरी गोळी पहिल्यांदा पोटात गेली की काही जणांची नाडी एकदम मंदावते. म्हणून पहिल्या दिवशी इथेच बसायचं, आमच्या डोळ्यांसमोर. दुसऱ्याची गोळी घ्यायची नाही, आपली द्यायची नाही.

परतताना सरांनी बसमध्ये विचारलं, “म्हंजी आपल्या दोघांतली एक तरी खरी असंल ना?” मी म्हटलं, तसं नाही, दोन्ही खऱ्या असू शकतात, दोन्ही रिकाम्याही असू शकतात. त्यांना ते मुळीच पटलं नाही. एका तालुक्यातून दोन माणसं गेली तर एकाला तरी देतीलच की, एवढं तर सरकारसुद्धा करतं, असं त्यांचं म्हणणं. मी नाणं उडवून दाखवलं, सातवीच्या वर्गाला शिकवते तसं समजावलं. ते मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, नाण्याला माणसं कळत नाहीत बाई, डॉक्टरबाईंना कळतात.

पहिल्या दिवशी आम्हाला शेजारशेजारच्या खाटांवर बसवलं, गोळी दिली, छातीला वायरी लावल्या. मी इतकी घाबरले होते की माझं काळीज कानात वाजत होतं. सर मात्र आडवे झाले आणि चक्क घोरायला लागले. पहाटे लोणीहून मुक्कामाची एसटी पकडून आले होते, रात्री धड झोप नव्हती. दुपारी सिस्टरनं त्यांच्या मशीनकडे पाहिलं आणि डॉक्टरबाईंना बोलावलं. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, पुन्हा ईसीजीची पट्टी काढली. नाडी मंद होती. काळजीइतकी नाही, पण मंद. सर जागे होऊन ते सगळं बघत होते. माझी पट्टी काढली तर माझी नाडी घोड्यासारखी. संध्याकाळी जिना उतरताना त्यांचा चेहरा फुलला होता. मला म्हणाले, माझी खरी निघाली. मग माझ्याकडे पाहिलं आणि माझी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली. त्याचा अर्थ मला कळला, की माझी रिकामी.

दुसऱ्या दिवशी सरांनी खिशातला टोमॅटो स्टाफरूममध्ये चिरला, मीठ लावलं आणि सगळ्यांसमोर खाल्ला. त्यानंतर परत कधी आणला नाही. माणूस पार बदलला. गरम पाण्यानं आंघोळ करायला लागले. स्वेटर घालून यायला लागले, पंखा बंद झाला, स्टाफरूम खूश. वर्षानुवर्षं खोलीत पडून असलेली मोटरसायकल बाहेर काढली आणि लोणीला तिच्यावरून जायला लागले. आम्ही मुलांना घेऊन आहुप्याला देवराई बघायला गेलो तेव्हा हे कड्याच्या टोकाशी जाऊन उभे, खाली सगळं कोकण, वारा असा की माझा पदर हातात राहत नव्हता. झटका कधी कोणत्या पायात येईल याचा नेम नसलेला माणूस तिथे हात मागे बांधून उभा. मी बसच्या पायरीवर डोळे मिटून बसले. त्यांना हाक मारायचीही भीती, दचकून तोल गेला तर काय घ्या.

त्यांचं धैर्य जसं वाढत गेलं तशी माझी भीती वाढत गेली, हे खरं आहे. दोघांत मिळून जेवढी भीती होती ती आता एकट्या माझ्याकडे आली होती. रोज सकाळी ती गोळी तोंडात टाकताना वाटायचं, ही खडूची भुकटी असेल. आणि खडूची असली तरी ती घेत राहायची, कारण न घ्यावी आणि ती खरी निघाली तर? नवरा म्हणायचा, एवढा विचार करू नकोस. विचार न करणं हे औषध मात्र कुठे मिळत नव्हतं.

सरांचे ते ‘पावणं’ माझ्याकडे आले ते कांदे लावायच्या दिवसांत. शाळा सुटल्यावर मी स्टँडपासून घरापर्यंत चालत आले. दारात सासूबाई म्हणाल्या, एक चप्पल कुठं टाकलीस? मी खाली पाहिलं. डाव्या पायात चप्पल नव्हती. तळव्याला काटे टोचून रक्त येत होतं आणि मला त्यातलं काही कळलेलं नव्हतं. मी उंबऱ्यावरच बसले. पाय माझा होता, पण दुसऱ्याचा आणून लावल्यासारखा. त्या दिवशी मी घाबरून मोठमोठ्यानं रडले, शेजारपाजारचे गोळा होईपर्यंत.

पुण्यात सलाईनमधून औषध दिलं, पाय हळूहळू परत येऊ लागला. डॉक्टरबाई म्हणाल्या की चाचणी सोडायची तर सोडा, तुमची मर्जी. चालू ठेवायची असेल तर एकही दिवस चुकवू नका. मी चालू ठेवली. सोडण्याइतकंही धैर्य माझ्यात नव्हतं. घरी आल्यावर सर मोटरसायकलवरून भेटायला आले. वाकून माझ्या तळव्यावरच्या काट्यांच्या खुणा बघितल्या. मग म्हणाले, “तुमची रिकामी हाय बाई, आता तर नक्की झालं. आपण सावड करू. या म्हैन्यात माझी बाटली तुमच्याकडं, पुढल्या म्हैन्यात परत माझ्याकडं. दोघांचंबी भागंल.”

मी त्यांना नाही म्हटलं. हात जोडून नाही म्हटलं. पहिल्या दिवसाचं नाडीचं सांगितलं, डॉक्टरबाईंना दिलेला शब्द सांगितला, आपल्यासारख्या कितीतरी लोकांसाठी ही चाचणी चालली आहे तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सावडीला नाही म्हणणारं माणूस त्यांनी आयुष्यात पाहिलं नसावं. चहा पिऊन उठले आणि जाताना सासूबाईंना म्हणाले, बाई शिकलेल्या आहेत, त्यांना मागायचा संकोच वाटतो.

पुढच्या महिन्यात आम्ही पुण्याहून नव्या बाटल्या घेऊन निघालो. राजगुरुनगरच्या स्टँडवर सर म्हणाले, चहा घेऊन मागच्या गाडीनं जाऊ. मी अजून पाय ओढत चालत होते म्हणून पिशवी त्यांच्याकडे होती. मी हातपाय धुवून येईपर्यंत ते बाकावर चहाचे दोन पेले घेऊन बसलेले होते आणि फार खुशीत होते. मला वाटलं, बिघडलेल्या तब्येतीचा विषय नको म्हणून वेगळं काही बोलतायत. त्यांनी पूर्ण वाटेत कांद्याच्या रोपांबद्दल सांगितलं. मंचरला उतरून आपापली बाटली घेऊन आम्ही घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आठवीला शिकवत होते. शेजारच्या वर्गात सरांचा तास. सरांच्या तासाला गोंगाट ठरलेला, इतका की मला मध्ये भिंतीवर डस्टर आपटावं लागायचं. त्या दिवशी चकार शब्द येत नव्हता. थोडा वेळ बरं वाटलं, मग बरं वाटेना. मी दारातून डोकावले. सगळी पोरं माना खाली घालून चित्रं काढत होती. सर फळ्याखाली जमिनीवर बसले होते, पाठ भिंतीला, हनुवटी छातीवर, एक हात मांडीवर उपडा. पुढच्या बाकावरची मुलगी मान वर न करता म्हणाली, “बाई, आज बसलेला माणूस काढायचाय.” मागच्या तासाला त्यांनी सांगून ठेवलं होतं म्हणे, पुढच्या वेळी बसलेला माणूस. पोरांना वाटलं, सर स्वतःच बसलेत.

मी त्यांच्या कपाळाला हात लावला, गार घाम होता. मनगट धरलं. एक ठोका लागला. मग काहीच नाही. मी स्वतःचा श्वास धरून वाट बघत राहिले आणि मनात म्हणत राहिले, ये, ये. मग दुसरा आला, अगदी नाखुशीनं. पोरं आता उभी राहिली होती. कुणीतरी रडायला लागलं. सरांनी डोळे अर्धे उघडले, मला ओळखलं आणि ओठ हलवले. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.

“गोळ्या बदलल्यात म्या,” ते म्हणाले. “राजगुरुनगरला. तुमची माझ्यात, माझी तुमच्यात.”

त्यानंतरचं सगळं धावपळीचं आहे. हेडमास्तरांची गाडी, ग्रामीण रुग्णालय, तिथून ॲम्ब्युलन्सनं पुणं. मी त्यांच्या शेजारी बसले होते आणि मनगट सोडलं नाही. चाकणच्या ट्रॅफिकमध्ये गाडी अडली तेव्हा ठोक्यांमधलं अंतर एवढं वाढलं की मी ड्रायव्हरवर ओरडले, सायरन चालूच आहे हे मला कळत नव्हतं. मध्येच डोक्यात आलं, की माझी गोळी घेऊन यांची नाडी पडली. म्हणजे माझी गोळी रिकामी नव्हती. हा विचार मी पुढे ढकलत राहिले. त्या वेळी तो करायची लाज वाटत होती.

पुण्यात त्यांना वायरी लावून दोन इंजेक्शनं दिली आणि रात्रीपर्यंत नाडी ताळ्यावर आली. असा प्रसंग आला तर कुणाला काय मिळत होतं ते उघडायची सोय असते. डॉक्टरबाईंनी ते उघडलं आणि मला केबिनमध्ये बोलावलं. त्या रागावल्या नाहीत, फार थकलेल्या दिसत होत्या. म्हणाल्या, “औषध पहिल्यापासून तुमच्या बाटलीत होतं. त्यांची रिकामी.” मी विचारलं, मग माझा पाय? त्या म्हणाल्या, हे औषध झटके कमी करतं का ते आपण बघत होतो. बंद करतं असं कुणीच म्हटलं नव्हतं. आणि पहिल्या दिवशी सरांची नाडी? झोपलेल्या माणसाची नाडी मंदावतेच. तुमची मात्र भीतीनं वर राहिली असेल. मग त्यांनी सांगितलं की दोघांचीही नावं चाचणीतून काढावी लागतील.

मला सरांचा भयंकर राग आला. मी ज्या औषधाची वाट बघत होते ते इतके दिवस माझ्या पोटात होतं आणि ते आता या माणसाच्या सावडीपायी गेलं. आणि त्याहून मोठी भीती वेगळीच होती. आजवर वाटायचं, माझी रिकामी आहे म्हणून असं झालं, खरी मिळाली की थांबेल. आता ते वाटायलाही जागा नव्हती. खरी घेऊनसुद्धा माझा पाय गेला होता. मी बाहेरच्या बाकावर, मागून पोचलेल्या नवऱ्याचा हात धरून बसले, आणि भिंतीपलीकडे ते झोपले आहेत तर त्यांना उठवून भांडावं असं मला वाटत होतं.

सकाळी मी वॉर्डात गेले. लोणीहून वहिनी आलेल्या होत्या. सावळ्या, उंच, हातात थर्मास. त्या नवऱ्याला सगळ्यांप्रमाणेच मास्तर म्हणायच्या. त्यांचं चाललं होतं, “मास्तर, सावड इचारून करत्यात. दुसऱ्याच्या रानात न इचारता शिरलं तर त्याला काय म्हणत्यात?” सर उशीला टेकून बसले होते आणि चक्क लाजले होते. मला पाहिल्यावर मात्र त्यांचा चेहरा उजळला. मी भांडायला गेले होते. माझ्याच्यानं झालं नाही.

त्यांनी मला बसा म्हटलं आणि स्वतःच सुरुवात केली. त्यांना सगळं उमगलं होतं, रात्रभर विचार करून उमगलं होतं. तुमची गोळी मला बाधली, म्हणजे तुमची खरी, बरोबर का, असं त्यांनी विचारलं. मी मान हलवली. “लई बरं झालं,” ते म्हणाले. “मला वाटायचं, आपण एकटंच खातोय. घास उतरत नव्हता.” आणि खरोखर, सुटका झाल्यासारखे हसले. तो आनंद खोटा नव्हता, मी शेजारी बसून तो पाहिला आहे. माझ्यासाठी झालेला इतका निखळ आनंद मी नंतर कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं. एकदम नाही, हळूहळू. हसू तसंच राहिलं आणि डोळे त्यातून निघून गेले. ते मोटरसायकलचं, त्या कड्याचं, गरम पाण्याचं सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून जात असणार. त्यांनी चादरीखाली पायाची बोटं हलवलेली मला दिसली. मग हाताची. मग अंगठ्यानं एकेक बोटाचं टोक चाचपलं. तोंडातल्या तोंडात ते काहीतरी म्हणाले. मला वाटलं पाणी मागतायत, म्हणून मी वाकले.

“मग वरीसभर मला कोण धरून व्हतं?” ते विचारत होते.

मी विज्ञान शिकवते. नशीब, मनाचा जोर, आजाराचं येणं-जाणं, असं पुष्कळ काही सांगता आलं असतं. मी त्यांच्या पायांवरची चादर नीट केली. वहिनींना यातलं काही कळलेलं नव्हतं. मास्तर बोलायला लागले, आता काळजी नाही, असं त्यांना वाटलं असावं. खालून चहा आणते म्हणून त्या थर्मास घेऊन उठल्या.

सरांनी त्यांच्या पदराचं टोक पकडलं. वर्गातल्या चाळीस पोरांसमोर कधी न दबणारा, साहेबांशीही लोणीचंच बोलणारा माणूस. त्याची बोटं पांढरी पडली होती.

“जाऊ नगं,” ते म्हणाले. “च्या नगं मला. तू हितंच बस.”